ब्लो मोल्डिंगमध्ये सगळीकडे सारखी जाडी: ५ लिटरच्या जेरीकॅनचं डिझाइन पायरीपायरीने

इंजेक्शन मोल्डिंगमधून ब्लो मोल्डिंगकडे आलेला डिझायनर पहिल्या ड्रॉइंगवर हमखास लिहितो, 'जाडी १.२ मिमी, सर्वत्र'. कॅडमध्ये शेल कमांड दिली की मॉडेल तशी जाडी दाखवतंही. पण ब्लो मोल्डला आत कोअर (आतल्या बाजूला आकार देणारा भाग) नसतो. बाहेरचा आकार मोल्ड देतो, आतून फक्त हवेचा दाब असतो. मधल्या प्लास्टिकची जाडी कुठे किती राहील, हे ते प्लास्टिक तिथपर्यंत पोचताना किती ताणलं गेलं यावर ठरतं. म्हणजे इथे जाडी काढता येत नाही. ताण सगळीकडे सारखा पडेल असा आकार काढायचा असतो.

मी खाली जे लिहितोय ते एचडीपीईच्या (हाय-डेन्सिटी पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या) एक्स्ट्रूजन ब्लो मोल्डिंगपुरतं आहे. पाण्याच्या पेट बाटल्या प्रीफॉर्म ताणून फुगवतात, तिथला हिशेब वेगळा. उदाहरण म्हणून ५ लिटरचा हँडलवाला जेरीकॅन घेऊ. सपाट बाजू, कोपरे, हँडल, गळा, चिमटलेला तळ असं अडचणीचं सगळं त्यात एकत्र भेटतं.

१. आधी पॅरिसन काय करतो ते मशीनसमोर उभं राहून बघा

वितळलेला दाणा साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअस तापमानाला डाय (बाहेरची कडी) व पिन (तिच्या मधला दांडा) यांच्यामधल्या गोल फटीतून गरम नळी होऊन खाली लोंबतो. हाच पॅरिसन. मोल्डचे दोन भाग त्याच्याभोवती बंद होतात, तळाशी तो चिमटला जातो, आत हवा सुटते (बहुतेक ठिकाणी ५ ते ८ बार) आणि पॅरिसन फुगून मोल्डला चिकटतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. मोल्ड थंड असतो. पॅरिसनचा जो भाग मोल्डला टेकला, तो तिथेच गोठला. त्यानंतर तो ताणला जात नाही. उरलेल्या कोपऱ्यात जायला जे प्लास्टिक अजून गरम आहे, तेवढंच ताणलं जातं. त्यामुळे आधी टेकणारी जागा जाड राहते आणि शेवटी टेकणारी पातळ होते. जाडीची जवळपास प्रत्येक तक्रार या एका वाक्यापाशी येऊन थांबते.

दुसरी गोष्ट म्हणजे जाडी दोन दिशांनी बदलते: उंचीनुसार आणि घेरानुसार. उंचीनुसार होणारा फरक मशीनवरच्या पॅरिसन प्रोग्रॅमिंगने सुधारता येतो, कारण पॅरिसन बाहेर येत असताना पिन वर-खाली होऊन फट कमीजास्त करते. पण एका क्षणी ती फट सगळ्या बाजूंनी सारखीच असते. म्हणून एकाच उंचीवर सपाट बाजू २ मिमी आणि कोपरा ०.६ मिमी येत असेल, तर साधं प्रोग्रॅमिंग काहीही करू शकत नाही. घेरातली जाडी ही डिझायनरची जबाबदारी आहे. सेटरच्या (मशीन लावणाऱ्याच्या) गळ्यात ती घालू नका.

२. रेषा ओढण्याआधी ही माहिती गोळा करा

ग्राहकाकडून:
- आत काय भरणार, त्याची घनता, भरतानाचं तापमान
- नाममात्र क्षमता आणि काठोकाठ क्षमता (दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्या)
- गळ्याचं ड्रॉइंग, झाकणाचा नमुना
- किती थर रचणार, किती उंचीवरून पडला तरी टिकायला हवा
- अपेक्षित वजन
- कोणत्या मानकाची अट आहे (ब्लो मोल्ड केलेल्या पॉलिओलेफिन डब्यांसाठी भारतीय मानक आयएस ७४०८ आहे)

माल बनवणाऱ्याकडून:
- कोणकोणत्या मापाचे डाय-पिन सेट हाताशी आहेत
- प्रोग्रॅमर किती पॉइंटचा आहे (म्हणजे पॅरिसनची जाडी किती टप्प्यांत बदलता येते)
- प्री-ब्लोची (मोल्ड बंद होण्याआधी पॅरिसनमध्ये थोडी हवा सोडण्याची) सोय आहे का
- दाण्याची ग्रेड आणि तिचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा)
- मालात ग्राइंडिंग (दळून पुन्हा वापरलेला माल) किती टक्के जातं

दुसरी यादी मिळवायला लोक आळस करतात आणि तिथेच फसतात. कॅन कितीही छान काढा, योग्य मापाचा डाय त्या कारखान्यात नसेल तर ते जे आहे त्यावर भागवतात आणि तुमचा सगळा हिशेब कोलमडतो. डायचं माप म्हणजे पॅरिसनचं माप नव्हे, हेही ध्यानात ठेवा. डायमधून बाहेर पडताच माल फुगतो, त्याला स्वेल म्हणतात. तो किती फुगेल हे ग्रेड, तापमान आणि वेगावर ठरतं. म्हणून डायचा आकडा न मागता, 'तुमच्या नेहमीच्या ग्रेडवर या डायचा पॅरिसन किती मिमीचा येतो' असं विचारा.

३. ताणाचा हिशेब कागदावर करा

आपल्या कॅनचा आडवा छेद १९० × १३० मिमी आणि अंगाची उंची २७० मिमी धरू. मोल्ड १३० च्या दिशेने उघडतो, म्हणजे प्रत्येक अर्ध्या भागाची खोली ६५ मिमी. पॅरिसनचा व्यास ९० मिमी, जाडी २.५ मिमी.

पॅरिसनचा घेर सुमारे २८३ मिमी. कॅनचे उभे कोपरे २५ मिमी त्रिज्येचे धरले तर कॅनचा घेर ५९७ मिमी. दोन्हींचा भागाकार २.१. म्हणजे सरासरी जाडी २.५ भागिले २.१, साधारण १.२ मिमी. बाटल्या-कॅनमध्ये हा ब्लो रेशो ३ च्या आत ठेवावा. ४ च्या पुढे गेलात तर प्रत्येक शिफ्टला झगडा ठरलेला.

आता हा सरासरी १.२ चा आकडा बाजूला ठेवा, कारण कॅन सरासरीवर फुटत नाही. छेदाच्या मध्यापासून अंतरं मोजा. मोठ्या सपाट बाजूच्या मध्यावर पोचायला पॅरिसनला फक्त २० मिमी जायचं आहे (६५ वजा ४५). तीक्ष्ण कोपऱ्यापर्यंत मात्र ७० मिमी. सपाट बाजू केव्हाच टेकून गोठलेली असते, आणि कोपऱ्यासाठी उरलेल्या छोट्याशा पट्टीला हे सगळं अंतर एकटीने भरून काढावं लागतं. कोपऱ्याला २५ ची त्रिज्या दिली की तेच अंतर ६१ वर येतं. ४० ची दिली तर ५५ वर. प्रत्येक छेदासाठी, म्हणजे खांदा, मध्य, तळाजवळ आणि हँडलमधून, जवळच्या आणि लांबच्या बिंदूची अशी जोडी काढून तक्ता करा. जिथे तफावत सर्वांत मोठी, ती तुमची पातळ जागा. अॅन्सिस पॉलिफ्लोसारखं सिम्युलेशन हाताशी असेल तर जरूर वापरा, पण हा तक्ता आधी करा. सिम्युलेशनच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याच्यामुळेच कळतं.

४. आकारावर काम करा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि फुकट आहे. मोल्ड कापल्यावर यातलं काहीही फुकट राहत नाही.

कोपरे. कामचलाऊ नियम असा की कोपऱ्याची त्रिज्या मोल्डच्या अर्ध्या भागाच्या खोलीच्या निदान एक तृतीयांश असावी. आपल्या ६५ मिमी खोलीला ती २२ च्या आसपास येते, म्हणून मी २५ धरली. तीन बाजू एकत्र येतात ते तळाचे चार कोपरे सर्वांत वाईट. तिथे उभ्या कोपऱ्याची त्रिज्या आणि तळाच्या कडेची त्रिज्या एकमेकांत गोलसर मिसळू द्या. आडव्या छेदात सुंदर दिसणारा कोपरा तळाशी अचानक १० मिमीवर आणून संपवलेला मी अनेक ड्रॉइंगमध्ये पाहतो. कॅन उंचावरून पडला की पहिली चीर बहुधा तिथेच जाते.

मार्केटिंगवाले म्हणतील, गोल कोपऱ्यांनी कार्टनमधली जागा वाया जाते. त्यांना आकडा दाखवा. चारही कोपरे टोकदार ऐवजी २५ त्रिज्येचे केले, तर छेदाचं क्षेत्रफळ फक्त २.२ टक्क्यांनी कमी होतं. २७० च्या उंचीत ६ मिमी वाढवले की क्षमता भरून निघते. या ६ मिमीसाठी भांडायची माझी नेहमी तयारी असते, कारण त्या बदल्यात कोपरा वाचतो आणि वजनही वाढवावं लागत नाही.

खोली. मोल्डच्या अर्ध्या भागात कुठलाही खळगा त्याच्या रुंदीपेक्षा खोल नको. अंगाच्या मुख्य आकारात हे सहसा पाळलं जातं. घोटाळा होतो तो बारीक गोष्टींत: पकडायला केलेली खाच, रचायला केलेले पाय, लोगोभोवतीची चौकट. १० मिमी रुंद आणि १५ मिमी खोल पाय काढलात तर त्याच्या टोकाशी कागदासारखं प्लास्टिक उरेल.

रिब. इंजेक्शनसारखी भरीव रिब (मजबुतीसाठीची पट्टी) इथे करता येत नाही. इथली रिब म्हणजे भिंतीचीच लाट. ती उथळ आणि गोलसर ठेवा. आणखी एक, कॅनभोवती फिरणाऱ्या आडव्या रिब रचताना भात्यासारख्या दबतात. थरांचं वजन पेलायचं असेल तर उभ्या रिब बऱ्या.

सपाट बाजू. पूर्ण सपाट पृष्ठभाग थंड झाल्यावर आत बसतो. त्याला किंचित फुगवटा द्या. लेबलसाठी खोलगट जागा हवी असेल तर ती उथळ ठेवा, कडा तिथेही गोल.

ड्राफ्टची (माल मोल्डमधून सुटावा म्हणून भिंतींना दिलेल्या उताराची) इथे फार चिंता नसते. माल आकसून मोल्डपासून स्वतःच सुटतो. हँडलच्या डोळ्यात (हात घालायच्या भोकात) मात्र ड्राफ्ट द्या. एचडीपीईच्या मोल्डचा आतला पृष्ठभाग चकचकीत करायला सांगू नका. हलकं सँडब्लास्ट केलं की अडकलेली हवा निघून जाते. हवा अडकली तर तिथे माल मोल्डला टेकत नाही, नीट थंड होत नाही, आणि पाहणारा त्यालाही जाडीचाच दोष समजतो.

५. पिंच-ऑफ (पॅरिसन चिमटला जातो ती जागा) आणि हँडल कुठे येतात ते आत्ताच ठरवा

९० मिमीचा पॅरिसन चिमटल्यावर सपाट होऊन १४१ मिमी रुंद होतो (व्यास गुणिले ३.१४ भागिले २). आपला तळ १९० मिमी रुंद आहे. म्हणजे तळाच्या दोन्ही टोकांना जवळपास २५-२५ मिमी जागा अशी, की तिथे चिमटा पोचतच नाही आणि सगळं प्लास्टिक ताणून न्यावं लागतं. वर म्हटलेल्या चार वाईट कोपऱ्यांची अवस्था यामुळे आणखी बिकट होते.

उपाय दोन. पॅरिसन मोठा घ्या: ११० मिमीचा घेतला तर सपाट रुंदी १७३ होते आणि ब्लो रेशो १.७ वर उतरतो. बदल्यात गळ्याभोवती आणि हँडलपाशी फ्लॅश (मोल्डच्या कडेबाहेर चिमटला गेलेला जादा माल) वाढतो. किंवा मोल्ड बंद होण्याआधी पॅरिसनचं खालचं तोंड मिटून आत थोडी हवा सोडायची, म्हणजे प्री-ब्लो. हँडलवाल्या कॅनला मी मोठ्या पॅरिसनच्या बाजूने झुकतो. फ्लॅश पुन्हा ग्राइंडरला जातो, फुटलेल्या कॅनमधलं तेल परत येत नाही.

हँडल पोकळ असेल तर पॅरिसनची सपाट रुंदी हँडलच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचायलाच हवी. नाहीतर हँडलची बाहेरची भिंत पकडीतच येत नाही. हँडलचा छेद गोल किंवा लंबगोल ठेवा, चौकोनी नको. हँडल अंगाला जिथे मिळतं तिथे मोठी त्रिज्या द्या, कारण उचलल्यावरचा सगळा भार तिथेच येतो.

तळ बाहेरून आत दाबलेला ठेवा, म्हणजे चिमट्याची शिवण टेबलाला टेकणार नाही आणि कॅन डुलणार नाही. शिवणीजवळ माल जाड असतो. थंड व्हायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाने वाढतो: १.२ मिमीच्या भिंतीपेक्षा २.४ मिमीच्या भागाला चौपट वेळ. सायकल टाइम अशा जाड जागाच ठरवतात. शिवाय जाड भाग जास्त आकसतो आणि कॅन वाकडा होतो. एचडीपीईचं आकसणं १.५ ते ३ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही पडू शकतं, आणि जाडी हे त्याचं एक मोठं कारण.

६. ड्रॉइंगवर जाडी अशी लिहा

'सर्वत्र १.२' खोडून टाका. त्याजागी कॅनच्या चित्रावर बिंदू नेमा, उदाहरणार्थ तळाचे चार कोपरे, मध्यावर चार कोपरे, हँडलचं मूळ वर आणि खाली, खांदा. प्रत्येक बिंदूला किमान जाडी द्या. सोबत कॅनचं एकूण वजन आणि त्याची मर्यादा द्या. किमान जाडी न देता नुसतं वजन दिलं, तर कारखाना वजन बरोबर आणेल आणि कोपरा तरीही पातळ येईल. तक्रार करायला तुमच्याकडे कागदच नसेल.

७. ट्रायलला जाताना बॅगेत काय असावं

व्हर्नियर, टोकाला गोळी असलेलं मायक्रोमीटर (वळलेली भिंत साध्या मायक्रोमीटरने चुकीची, जास्त जाड मोजली जाते), धारदार कटर, मार्कर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, आणि छापलेला जाडीचा नकाशा: पाच उंची, प्रत्येक उंचीवर आठ बिंदू. कारखान्यात हॉल-इफेक्ट गेज असेल तर उत्तम. स्टीलची छोटी गोळी कॅनमध्ये टाकायची, बाहेरून चुंबकी प्रोब फिरवायचा, गोळी प्रोबमागे येते आणि कॅन न कापता जाडी दिसते. नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सीपेट (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) सारख्या ठिकाणी चाचणीसाठी विचारा.

प्रोग्रॅमला हात लावण्याआधी पॅरिसन सरळ लोंबतोय का ते बघा. तो एका बाजूला वळत असेल तर डाय मध्यावर नाही किंवा हीटर बँड कुठेतरी थंड आहे. आधी ते दुरुस्त. वाकड्या पॅरिसनवर केलेलं सगळं सेटिंग फेकून द्यावं लागतं.

मशीन स्थिरावल्यावर सलग काही शॉट घ्या, त्यांवर क्रमांक टाका. रंग न घातलेल्या दाण्याचे घ्या, मास्टरबॅच (रंगाचा दाणा) नंतर. असा कॅन खिडकीच्या उजेडासमोर धरला की सपाट बाजू दुधट दिसतात आणि कोपऱ्यांवर फिकट, उजळ रेघ उमटते. ती रेघ कुठे सुरू होते, कुठे रुंद होते, ते मार्करने कॅनवरच गिरवा. गेज लावण्याआधी अर्धं चित्र हातात आलेलं असतं. नेमकी मापं मात्र कॅन २४ तास ठेवून मगच घ्या, तोवर तो आकसत असतो.

८. प्रोग्रॅमिंग: उंचीपुरतं, आणि हळूहळू

सुरुवात सपाट प्रोफाइलने (सगळ्या पॉइंटना सारखी फट) करा. मग एकच पॉइंट मुद्दाम बराच वाढवा. कॅनवर जाड कडं उमटेल. तो पॉइंट कॅनच्या कुठल्या उंचीला येतो, हे तुम्हाला आता अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी कळलं. असे दोन-तीन पॉइंट ओळखले की बाकीचे मोजता येतात. पॅरिसनचा जो भाग आधी बाहेर पडतो तो खाली जातो, आणि वरच्या भागावर खालच्या सगळ्याचं वजन येतं, म्हणून वरचा भाग लोंबून पातळ होतो. लोंबणं फार असेल तर प्रोग्रॅमने झाकू नका. तापमान थोडं उतरवा किंवा कमी एमएफआयची ग्रेड विचारा.

इथला सर्वांत महागडा सापळा: तळ पातळ आला म्हणून अख्खा पॅरिसन जाड करणं. कोपरा ०.६ मिमी असेल आणि तुम्ही सगळीकडे २५ टक्के माल वाढवला, तर कोपरा जेमतेम ०.७५ होतो, कॅन पाव पटीने जड होतो आणि जाड जागा थंड व्हायला दीडपट वेळ लागतो. वजन कायम ठेवून माल हलवा. तळाचे पॉइंट वाढवले तितके मध्यातले कमी करा, प्रत्येक बदलानंतर वजन घ्या आणि नकाशा भरा.

९. डाय शेपिंग सर्वांत शेवटी

घेरातला फरक आकार बदलूनही उरला, तर डायची कड ठरावीक जागी घासून तिथे फट वाढवतात, म्हणजे पॅरिसनच्या त्या उभ्या पट्टीला जास्त माल मिळतो. ती पट्टी कॅनच्या कोपऱ्यांसमोर येईल अशी डाय बसवायची. उपाय चांगला आहे, पण घासलेलं परत येत नाही आणि तो डाय पुढे त्याच कॅनचा होऊन बसतो. थोडं घासा, ट्रायल घ्या, मग पुन्हा थोडं.

१०. जुळलं की सगळं लिहून ठेवा

प्रोफाइलचे सगळे पॉइंट, मालाचं तापमान, ग्रेड आणि एमएफआय, ग्राइंडिंगचं प्रमाण, डाय-पिनचे क्रमांक, भरलेला नकाशा, आणि मध्यावर व तळाजवळ कापलेली दोन कडी, तारखेसह. ग्रेड बदलली किंवा ग्राइंडिंग वाढवलं तरी स्वेल बदलतो. मग जुना प्रोग्रॅम तोच असून जाडी सरकते, आणि शोधाशोध मोल्डपासून सुरू होते. जपून ठेवलेलं कडं नव्या कड्याशेजारी धरलं की फरक उंचीत आहे की घेरात, हे लगेच दिसतं. उंचीत असेल तर प्रोग्रॅमकडे जा, घेरात असेल तर आधी डाय मध्यावर आहे का ते तपासा.